वरच्या ओठाखालची गोळी

आमच्या बसस्थानकात भिंतीवर तीन घड्याळं आहेत आणि भांडण झालेल्या सख्ख्या भावांसारखी तिघांची तोंडं तीन दिशांना. एक दहा मिनिटं पुढे, एक सात मिनिटं मागे आणि तिसरं गेल्या वर्षीपासून सव्वाचारवर अडून बसलेलं. त्यामुळे लोक घड्याळाकडे बघत नाहीत, भोंग्याकडे कान देतात. भोंग्यातून ताईंचा आवाज आला की चहावाला आधण ठेवतो, बाकड्यावर डुलकी काढणारा चालक टोपी शोधायला लागतो. "फलाट क्रमांक सहावरून बंदराकडे जाणारी जलद गाडी पाच मिनिटांत सुटत आहे." वाक्य एवढंच, पण ताई ते असं म्हणतात की ज्याला कुठेच जायचं नाही त्यालाही वाटतं, चला, निघावं आपणही.

मी त्यांच्या शेजारच्या खोक्यात बसतो. चौकशीची खिडकी माझी. बावीस वर्षं मी एकाच प्रश्नाचं उत्तर देतोय, "गाडी आली का?" गाडी समोर धूर सोडत उभी असली तरी लोक मलाच विचारतात. माझा स्वभाव मुळातच तिरसट होता की या खिडकीनं तो तसा केला, हे आता माझ्या बायकोलाही सांगता येत नाही. ती म्हणते, दोन्ही असेल.

ताईंचं खोकं आणि माझं खोकं यांच्यामध्ये काच आहे, आणि काचेत मनगट जाईल एवढी सरकती झडप. नियंत्रक मला गाडीची चिठ्ठी देतो, मी ती झडपेतून पलीकडे सरकवतो, ताई ती भोंग्यावर वाचतात. आमचं नातं या झडपेतलं. चालक-वाहक त्यांना मागे भोंगाताई म्हणतात, पुढे नुसतं ताई. मला पुढे भाऊ म्हणतात. मागे काय म्हणतात ते मी कधी विचारलं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा माइकसमोर बसल्या तेव्हाची गोष्ट. माइकमध्ये ओरडायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सकाळपासून त्या अशा ओरडत होत्या की भोंग्याची गरजच नव्हती. दुपारपर्यंत आवाज बसला. तेव्हाचे आगारप्रमुख दारात येऊन म्हणाले, "बाई, संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर उद्या दुसरं कुणी बघू." ताईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी काचेतून पाहिलं. खिशात घशाच्या गोळ्यांची डबी होती, चपट्या, गोड, थोड्या झणझणीत गोळ्यांची. पुढच्या चिठ्ठीबरोबर एक गोळी झडपेतून सरकवली आणि खुणेनं सांगितलं, ओरडू नका, हळू बोला. संध्याकाळपर्यंत आवाज सुटला आणि नोकरी राहिली.

त्या दिवशी आवाज गोळीनं सुटला की ओरडणं थांबवल्यानं, हा प्रश्न मला तब्बल एकोणीस वर्षं पडला नाही. मी सरळ श्रेय गोळीला दिलं, म्हणजे पर्यायानं स्वतःला. दुसऱ्या दिवसापासून रिवाजच पडला. सकाळी येताना कोपऱ्यावरच्या टपरीवर थांबून डबी भरून घ्यायची आणि दर अर्ध्या तासाला एक गोळी चिठ्ठीबरोबर पलीकडे. एक ताईंना आणि एक मला, कारण एकट्याला देणं बरं दिसत नाही.

आता तोंडात गोळी असताना बोलायचं कसं? ताईंनी हा पेच पहिल्याच महिन्यात सोडवला. गालात ठेवली तर ती दातांवर आपटते आणि खुळखुळ भोंग्यातून ऐकू येते. म्हणून माइकचं बटण दाबण्याआधी जिभेनं ती वरच्या ओठाखाली, पुढच्या दातांच्या मुळाशी चिकटवायची. घोषणा झाली, बटण सोडलं, की गोळी परत उजव्या गालात. हे इतकं सफाईनं व्हायचं की मला त्याचं भारी कौतुक. नवा नियंत्रक आला की मी त्याला काचेपाशी नेऊन दाखवायचो, बघ, हिला म्हणतात कला.

बाकी खाण्याच्या बाबतीत ताई म्हणजे कडक शिस्त. चहा बिनसाखरेचा. कुणाचा वाढदिवस असला तर केकचा तुकडा हातात घेऊन तो हळूच माझ्याकडे सरकवायच्या. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. त्यांना दोन्ही वेळच्या जेवणानंतर गोड लागतंच, आणि ताई त्यांना रोज ऐकवायच्या, "दात किडतील तेव्हा कळेल." तीस वर्षं ऐकवलं. यजमानांच्या दातांनी मात्र त्यांच्या बोलण्याची काडीइतकी पत्रास ठेवली नाही.

किडले ते ताईंचे. आधी त्या उजवीकडून चावेनाशा झाल्या. मग माठातलं पाणी सोडून कोमट पाणी प्यायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "वय झालं, भाऊ." एक्कावन्न म्हणजे काही वय नाही, पण मी गप्प बसलो, कारण कोमट पाणी मीही पीत होतो. डब्याच्या झाकणात लवंग दिसायला लागली. दुखणं अंगावर काढण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही, आणि ताई तर काय, सुट्टी न घेण्यासाठी प्रसिद्ध.

मग एका सकाळी चहात बुडवायला घेतलेल्या टोस्टचा तुकडा दातांनी तोडताना पुढच्या वरच्या दाताचा कोपरा तुटला. टोस्ट शाबूत, दात गेला. आरशात पाहून ताई म्हणाल्या, "चला, खिडकी उघडली." आम्ही हसलो. पण त्यानंतरच्या पहिल्याच घोषणेला आमचं हसू मावळलं. "सहा"मधल्या स बरोबर एक बारीक शीळ बाहेर पडली. आणि ताईंच्या कामात स सोडून आहे काय? सूचना, सहा, सात, सुटत, सामान सांभाळा. दिवसभर भोंगा शीळ घालत राहिला. चालकांनी खालून शीळ घालून उत्तरं दिली. पहिले दोन दिवस ताईही हसल्या.

तिसऱ्या आठवड्यात वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. घोषणा अस्पष्ट येत असल्याच्या तक्रारी आहेत. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला तपासनीस येऊन दिवसभर ऐकतील. समाधान न झाल्यास संबंधित कर्मचाऱ्याची बदली पार्सल कक्षात करावी. आमचा पार्सल कक्ष म्हणजे मागच्या बाजूची बिनखिडकीची खोली. एक वजनकाटा, एक शिक्का आणि छतापर्यंत पोती.

ताईंनी पत्र झडपेतून मला वाचायला दिलं. मी वाचून परत केलं. बराच वेळ त्या माइकवरचं फडकं नीट करत बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, आमच्या घरी लहानपणी मला एकच वाक्य ऐकवायचे. हळू बोल. बाहेर आवाज जायला नको. इथे आल्यावर पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, बोला, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. आता पोत्यांशी काय बोलू मी?" मी खिडकीकडे वळून एका भल्या माणसावर उगाच खेकसलो.

दाताच्या डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर मला जावं लागलं, कारण यजमानांना सुई दुरून दिसली तरी घेरी येते. दवाखाना टायरच्या दुकानावर. अरुंद जिना, वर दोन खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याची टाकी. डॉक्टरीण ताईंच्या मुलीच्या वयाची, बाह्या दुमडलेल्या, बोलणं भराभर. तिनं ताईंना झोपत्या खुर्चीवर बसवलं, दिवा ओढला आणि आरशी आत घालून हूं, हूं करत मोजत गेली. मी बाजूच्या स्टुलावर.

"आठ दात किडलेत," ती म्हणाली. "पाच उजवीकडे, सगळे गालाच्या बाजूला, हिरडीला लागून. तीन पुढे वरती, तेही हिरडीला लागूनच. त्यातल्या एकाचा कोपरा गेलाय. डावी बाजू जवळपास स्वच्छ आहे. काकू, तुम्ही उजव्या गालात काय ठेवता?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "मी साखरेला शिवत नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. हवं तर यांना विचारा."

डॉक्टरणीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावण्यासाठी जरा पुढे झुकलो आणि खिशातली डबी खुळखुळली. त्या खोलीत त्या क्षणी दुसरा आवाज नव्हता.

"काय आहे ते?"

"घशाच्या गोळ्या," मी म्हणालो. "औषधी आहेत."

तिनं डबी मागून घेतली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्यापुढे धरली. पहिलाच शब्द साखर. एकोणीस वर्षं मी ती डबी खिशात बाळगली होती, पण उलटी करून कधी पाहिली नव्हती. मग तिनं दिवसाला किती, कधी, किती वेळ, सगळं विचारून घेतलं. वरच्या ओठाखालच्या कलेचं कळल्यावर तिनं आरशी पुन्हा आत घातली आणि म्हणाली, "बरोबर. अगदी त्याच जागी आहे." ज्या कलेचं मी जगाला कौतुक सांगत होतो, तिचा नकाशा ताईंच्या दातांवर निघाला होता.

"पण कीड लागते म्हणजे नक्की काय होतं?" ताईंनी विचारलं. "आतापर्यंत मला वाटायचं, काहीतरी पोखरतं."

"किडा वगैरे काही नसतो," डॉक्टरीण म्हणाली. "सगळ्यांच्या तोंडात जंतू असतात. ते दातांवर चिकट थर करून राहतात. आपण गोड खाल्लं की तेही खातात, आणि खाऊन आम्ल सोडतात. त्या आम्लानं दाताचं वरचं कवच थोडं थोडं विरघळतं. अर्धा तास, कधी जास्त, हे चालतं. मग लाळ येते, आम्ल धुऊन टाकते आणि विरघळलेलं थोडंफार भरूनही काढते. म्हणजे रोज मोडतोड आणि रोज डागडुजी. डागडुजीला वेळ मिळाला तर दात टिकतो. तुमचं काय झालं, तर अर्ध्या तासाला नवी गोळी. लाळेनं कामाला लागायचं कधी?"

ताई छताकडे बघत होत्या. मग हळूहळू म्हणाल्या, "म्हणजे आमच्या सहा नंबरच्या फलाटासारखं. झाडूवाली मावशी म्हणते, एक गाडी हलायच्या आत दुसरी लागते, मी झाडू कधी? बाकीचे फलाट चकचकीत, आणि सहावर बोट बोट घाण. गाड्या जास्त आहेत म्हणून नव्हे, मध्ये फट नाही म्हणून."

"हे मी आता सगळ्यांना सांगणार," डॉक्टरीण म्हणाली, आणि एका कागदावर लिहूनही घेतलं.

"थांबा," ताई उठून बसल्या. "म्हणजे माझा नवरा रोज दोनदा वाटीभर गोड खातो ते चालतं, आणि मी दिवसभरात ह्या चिमुकल्या गोळ्या खाते ते नाही?"

"वाटीभर कुणालाच चांगलं नाही. पण दातांपुरतं बोलायचं तर किती खाल्लं यापेक्षा किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहिलं, ते महत्त्वाचं. ते जेवणाबरोबर खाऊन मोकळे होतात. दोन गाड्या येतात, जातात, फलाट रिकामा."

"तीस वर्षं मी त्या माणसाला बोलले," ताई म्हणाल्या. "हे घरी सांगायची गरज नाही, भाऊ."

मी शब्द दिला. तो मी पाळला, फक्त माझ्या बायकोला सांगितलं, आणि तिनं ताईंच्या यजमानांना सांगितलं.

पुढे डॉक्टरणीनं एक लाल गोळी चघळायला दिली आणि चूळ भरायला लावली. दातांवर जिथे जिथे थर होता तिथे तिथे गुलाबी डाग राहिले. हिरडीला लागून तर गुलाबी किनारच. ताई म्हणाल्या, "मी रोज घासते हो. चांगले खसखसून." डॉक्टरीण म्हणाली, "तेच तर. खसखसून घासता ते दातांचं पोट, कडा राहतात." तिनं मऊ ब्रश हातात दिला, हिरडीकडे तिरका धरायला शिकवला, भांडं घासल्यासारखं नाही, बाळाचं डोकं पुसल्यासारखं. दोन मिनिटं. सकाळी एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा, आणि झोपण्यापूर्वीचं तर चुकवायचंच नाही, कारण झोपेत लाळ आटते, तेव्हा दाताला वाली कुणी नसतो. पेस्ट फ्लोराइड असलेली, त्यानं कवच टणक होतं. घासून झाल्यावर थुंकायचं, पण पाण्यानं खळखळून धुवायचं नाही, थोडी पेस्ट दातांवर राहू द्यायची. दोन दातांच्या फटीत ब्रश जात नाही, तिथे दिवसातून एकदा खास दोरा.

"हे सगळं केलं की आठही भरून येतील?" ताईंनी विचारलं.

"खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. तो मी भरणार. पडण्याआधी पांढरा डाग येतो, तो मात्र परतवता येतो. तुमच्या डावीकडे तसे दोन आहेत, ते तुमच्या हातात." मग तिनं आवाज जरा खाली आणला. "सात दात होतील. कोपरा गेलेल्याची खात्री देत नाही. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली नसेल तर बांधून देते. पोचली असेल तर लांबणारं काम आहे, आणि दात फार पोकळ निघाला तर काढावा लागेल. उघडल्यावर कळेल."

"आणि पंधरा तारीख?"

"बघू," ती म्हणाली.

जिना उतरताना ताईंचे दात, ओठ, जीभ सगळं गुलाबी होतं. खाली टायरवाल्यानं त्यांच्याकडे पाहून हातातला पाना खाली ठेवला. ताई त्याच्याकडे बघून तोंडभरून हसल्या आणि तो दोन पावलं मागे सरला. मी हसलो नाही. माझ्या खिशात ती डबी होती आणि ती विटेसारखी जड लागत होती. हे सगळं मी केलं होतं. कुणी ओरबाडून नेलं असतं तर राग तरी आला असता. मी तर एकोणीस वर्षं प्रेमानं, हात पुढे करून, एक एक गोळी देऊन त्या बाईचे दात काढून घेत होतो. तसं मी त्यांना म्हणालोही. त्या म्हणाल्या, "आपलेच दात, आपलेच ओठ, भाऊ. कुणाला बोल लावायचा?"

दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद. सांगायला सोपं आहे. अर्धा तास झाला की माझा हात आपोआप खिशाकडे जायचा, आणि पलीकडे ताईंची जीभ आपोआप वरच्या ओठाखाली जायची. तिथे काही नसायचं. चौथ्या दिवशी मी डबीत टाचण्या भरून ठेवल्या, म्हणजे खुळखुळ तरी ऐकू येईल. ताईंनी पाण्याची बाटली ठेवली. प्रत्येक घोषणेनंतर दोन घोट. चहा दिवसातून पाच वेळा होता तो दोन वेळा, जेवणाच्या जवळपास. डॉक्टरणीला मी विचारलं होतं, बिनसाखरेची गोळी चालेल का. ती म्हणाली, चालेल, पण घशाला पाण्याहून चांगलं काही नाही, आणि पाणी तोंडही धुतं.

बातमी स्थानकभर झाली. झाडूवाल्या मावशीला कळलं की डॉक्टरीण तिचं वाक्य लोकांना सांगते, तेव्हा ती दोन दिवस ताठ मानेनं झाडत होती. डोंगरावरच्या गाडीचा चालक जागं राहायला म्हणून दिवसभर गोड सरबत घोटाघोटानं पितो. त्याला ताईंनी खिडकीतून हाक मारून सांगितलं, "प्यायचंच तर जेवताना एकदम पिऊन टाक आणि विषय संपव. चुळका चुळका घेतोस तेच वाईट." तो म्हणाला, "ताई, तुमचे दात गेले आणि धडे आम्हाला देताय." पण दुसऱ्या दिवशी त्याच्या बाटलीत पाणी होतं, हे मी स्वतः पाहिलं. वाकून वास घेतला म्हणा ना.

सात दात तीन खेपांत झाले. आठवा दहा तारखेला. मी त्याच स्टुलावर बसलो होतो, खिशात टाचण्या. यंत्र सुरू झालं. ताईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. डॉक्टरीण थोडं कोरायची, थांबायची, आरशी लावून बघायची, पुन्हा थोडं कोरायची. मला देवाची फारशी सवय नाही, पण त्या दिवशी मी मनातल्या मनात बरीच माफी मागितली, कुणाची ते माहीत नाही. शेवटी ती म्हणाली, "थांबलीय. नसेच्या अलीकडे, केसभर." मग पाऊण तास ती थर देत होती, निळा दिवा लावत होती, घासत होती. ताईंना उठवून म्हणाली, "काकू, सहा म्हणा."

ताईंनी आरसा घेतला नाही. डोळे मिटून म्हणाल्या, "फलाट क्रमांक सहावरून सुटणाऱ्या गाडीच्या प्रवाशांनी सामान सांभाळावे." शीळ नाही. खालून टायरवाल्यानं विचारलं, वर कोण आलंय, गाडी कुठली.

पंधरा तारखेला तपासनीस आले. सुकडे गृहस्थ, हातात फळी, फळीला कागद, आणि सतत खोकत. कधी फलाट एकवर उभे, कधी सहावर, कधी प्रसाधनगृहाजवळ, जिथे भोंगा सगळ्यात कमी ऐकू येतो. सकाळ उत्तम गेली. दुपारी दोन गाड्या बंद पडल्या, वेळा बदलल्या, फलाट बदलले, आणि ताईंना एका दमात वीस-वीस घोषणा कराव्या लागल्या. चारच्या सुमाराला आवाज चिरकला. पहिल्यांदा जरासा. दुसऱ्यांदा मला नीट ऐकू आला. बाहेर तपासनीसांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

माझा हात झडपेत गेला. खरं सांगतो, त्या वेळी डबीत गोळी असती तर मी ती दिली असती. सगळं शिकलेलं, ऐकलेलं क्षणात विसरलो होतो. समोर बाई अडचणीत आहे आणि आपण काहीतरी द्यावं, एवढंच डोक्यात होतं. ताईंनी माझ्या हाताकडे पाहिलं, मान हलवली, बाटली उचलून दोन घोट घेतले. आणि मग एकोणीस वर्षांपूर्वी मी खुणेनं सांगितलं होतं तेच केलं. आवाज खाली आणला, माइकच्या जवळ सरकल्या आणि सावकाश बोलायला लागल्या. गर्दीत ज्याला ऐकू जायला हवं त्याला ते कानात सांगितल्यासारखं गेलं. सहावरच्या बाकावरच्या एका आजोबांनी पिशवी उचलली आणि बरोबर गाडीत जाऊन बसले.

सहा वाजता तपासनीस माझ्या खिडकीशी आले. फळीवर एकच ओळ होती: घोषणा स्पष्ट, बदलीची आवश्यकता नाही. खाली सही करून त्यांनी खोकत विचारलं, "घशाची एखादी गोळी आहे का हो तुमच्याकडे?"

मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला.

गर्दी ओसरल्यावर ताई फडकं घेऊन माइक पुसत होत्या. चेहरा असा, की एखाद्याला वाटावं बाईंचं वय दहा वर्षांनी उतरलं. मी झडपेतून म्हणालो, "सुटलो बुवा. आता खरं सांगा, गोळीची आठवण येते का? तुम्हाला फार आवडायच्या."

ताई पुसायच्या थांबल्या. "सांगू का, भाऊ? मला त्या गोळ्या कधीच आवडल्या नाहीत. झणझणीत लागायच्या. पहिली खाल्ली ती गरजेला. दुसऱ्या दिवसापासून नको होती."

"मग एकोणीस वर्षं?"

"तुम्ही मुद्दाम वळसा घालून टपरीवरून आणायचात. वर हात पुढे करायचात." त्यांनी फडक्याची घडी घातली. "पुढे केलेला हात रिकामा कसा पाठवायचा?"

मी त्यांना हव्या असतील म्हणून देत राहिलो, आणि त्या मला वाईट वाटेल म्हणून खात राहिल्या. एकानंही एकदा तोंड उघडून विचारलं असतं तर आठ दात वाचले असते. लाज वाटली, रागही आला, स्वतःचाच, आणि त्याच्याही वर त्या बाईबद्दल इतकी माया वाटली की मी दिवा मालवून अंधारात टोपी शोधत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सवयीनं माझा हात झडपेत गेला. चिठ्ठी नव्हती, गोळी नव्हती, नुसता तळवा. चूक लक्षात येऊन मी तो मागे घेणार, एवढ्यात ताईंनी त्यावर काहीतरी ठेवलं. मऊ ब्रश, कागदात गुंडाळलेला. कागदावर त्यांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: उद्या संध्याकाळी सहा, टायरच्या दुकानावर.

मी काचेतून पाहिलं. ताईंनी माझ्या कोमट पाण्याच्या ग्लासाकडे बोट दाखवलं, मग माझ्या डाव्या गालाकडे, ज्या एकाच बाजूनं मी दोन वर्षं चावत होतो.

"एक मला आणि एक तुम्हाला, असंच होतं ना?" त्या म्हणाल्या, आणि बटण दाबून सहा नंबरची गाडी सोडायला लागल्या.